कोरड्या बोअरची नोंद

ताटं उचलून झाली, ओटा पुसून झाला, तरी माझा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. मामा डोळ्यांच्या तपासणीसाठी सांगोल्याहून आले होते. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते नुसतेच समोर बसून होते.

“कसली एवढी काळजी लागलीय?”

“दहातले चार निवडायचेत, मामा. साडेदहाच्या आत.”

मी एका पंपाच्या कारखान्यात डिझाइनला आहे. इंपेलर म्हणजे पंपाच्या आत फिरणारं वाकड्या पात्यांचं चाक. आमच्या इंपेलरची दहा मापं बदलता येतात: पात्याचा पाणी आत घेतानाचा कोन, बाहेर सोडतानाचा कोन, पातं किती वेढा घेतं, तोंडाची रुंदी, अशी. ती बदलत बदलत एफिशियन्सी वाढवायची. प्रत्येक नव्या आकारासाठी पाणी कसं वाहील ते संगणकावर सोडवून बघावं लागतं आणि अशा एका रनला पाच तास जातात. संगणकांच्या क्लस्टरवर माझ्या वाट्याला रात्रीचे चार रन येतात.

शोधाची पद्धत फासे टाकणारी आहे. हॅन्सन आणि ऑस्टरमायर यांनी बर्लिनमध्ये १९९० च्या दशकात तिची मांडणी केली, नाव सीएमए-ईएस. दहा मापं असतील तर ती दर पिढीला साधारण दहा नवे आकार फाशांवर काढते, त्यांतले वरचे पाच ठेवते आणि पुढच्या पिढीचा ढग त्यांच्या दिशेने सरकवते. म्हणजे आकार दहा आणि रन चार. उरलेल्या सहांची जागा ठरवायला मॉडेल. त्या रात्री मी आणि मामा जे बोललो ते जमेल तसं इथे लिहिते, कारण आमचं पटलं नाही आणि न पटलेल्या भागातच मला बरंच काही सापडलं.

मामा: मॉडेल कसलं?

मी: झालेल्या रनवरून नव्या आकाराचा अंदाज बांधणारं. जवळच्या रनना जास्त वजन, लांबच्यांना कमी. अंदाजाबरोबर तो किती खाली-वर होऊ शकतो तेही सांगतं. क्रिगिंग म्हणतात त्याला.

मामा: अगं, क्रिगिंग आम्हाला कशाला समजावतेस! आमच्याकडूनच गेलंय ते तुमच्याकडे.

आणि ते खरंच आहे. मामांनी तीस वर्षं भूजलाच्या सरकारी खात्यात काढली. जत, माण, खटाव, सांगोला असे सगळे पाण्याला तरसलेले तालुके. डॅनी क्रिग हे दक्षिण आफ्रिकेतले खाण-अभियंते. विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत मोजकीच भोकं पाडून मधल्या दगडात सोनं किती असेल याचा अंदाज कसा बांधायचा, हे त्यांनी १९५१ साली मांडलं. फ्रान्सच्या जॉर्जेस मातरों यांनी १९६० च्या दशकात त्याचं गणित पक्कं केलं आणि पद्धतीला क्रिग यांचं नाव दिलं. जमिनीत भोक पाडायला पैसा लागतो, म्हणून पुढचं भोक कुठे पाडायचं हा प्रश्न आला. माझा प्रश्न तोच आहे, फक्त माझं शिवार दहा मितींचं आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मामा: मग अडचण कुठे आहे? जिथे मॉडेल म्हणतं चांगलं, तिथले चार घे.

मी: तसंच करत होते. महिन्याभरापूर्वी तर मी रन टाकणंच थांबवलं होतं. म्हटलं, मॉडेलवरच शंभर पिढ्या चालवू, एक मिनिटसुद्धा लागत नाही. शेवटी जो आकार येईल त्याचा एकच खरा रन. मॉडेल म्हणालं ८९ टक्के. खरा रन आला ७१.

मामा: अठरा टक्क्यांचा फरक?

मी: हो. शोध मॉडेलच्या चुकीवरच चढून बसला होता. हे काही माझ्याच बाबतीत झालेलं नाही. होंडाच्या जर्मनीतल्या संशोधन केंद्रात याओचू जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यावर सविस्तर लिहिलंय: नुसत्या मॉडेलवर उत्क्रांती सोडली तर ती खोट्या शिखरावर जाते, म्हणून मधे मधे खऱ्या रनचा लगाम हवाच. प्रश्न एवढाच, की लगाम कधी ओढायचा आणि कोणासाठी.

मामा: आणि तुझं उत्तर काय?

मी: निर्णय बदलेल तिथे.

हे मी जरा सावकाश सांगितलं, कारण माझा सगळा विश्वास यावर आहे. सीएमए-ईएसला एफिशियन्सीचा आकडा लागतच नाही. तिला फक्त क्रम लागतो: पहिला कोण, दुसरा कोण, पाचवा कोण. सगळे आकडे दुप्पट केले तरी ती तेच पाच निवडेल. म्हणजे मॉडेलने आकडा अचूक सांगण्याची गरजच नाही, क्रम बरोबर सांगितला की पुरे. केर्न, हॅन्सन आणि कुमुत्साकोस यांनी २००६ साली यातून एक सुंदर युक्ती काढली. आधी मॉडेलने दहांचा क्रम लावायचा. मग वरचे एक-दोन खरे चालवायचे, ते उत्तर मॉडेलला द्यायचं आणि क्रम पुन्हा लावायचा. वरच्या पाचांचा क्रम तोच राहिला तर थांबायचं. हलला तर अजून एखादा चालवायचा. सोप्या प्रदेशात दोन रनमध्ये पिढी उरकते, अवघड प्रदेशात सगळे दहा लागतात. खर्च किती हे त्या प्रदेशालाच ठरवू द्यायचं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, मग लक्षात आलं की त्यांना दिसणार नाही. मी वाचून दाखवलं.

“तीन नंबर, अंदाज ८२.९, खाली-वर अर्धा टक्का. सात, ८२.४. एक, ८२.२. दहा, ८२.०. या तिघांना खाली-वर फारसं नाही. पाच नंबर ८१.६ पण खाली-वर ०.९. आठ नंबर ८१.५, खाली-वर १.१. मग दोन ८०.८, चार ८०.१, सहा ७९.४. आणि शेवटी नऊ, ७६.२, खाली-वर ०.८.”

मामा: पाच आणि आठ यांच्यात ठरत नाहीये.

मी: तेच! सात, एक, दहा हे जुन्या रनना खेटून आहेत, मॉडेल तिथे चुकायचं नाही. ते वरच्या पाचात आहेत हे मला न चालवताही कळतं. पाच आणि आठ मात्र उंबरठ्यावर आहेत, एक आत जाईल, एक बाहेर राहील. त्या दोघांना दोन रन. एक रन तीन नंबरला.

मामा: तो तर पहिला आलाय. त्याची खात्री नाही?

मी: तो पहिला आलाय म्हणूनच. लिलावात सगळ्यांत मोठी बोली लावणारा बहुतेक वेळा जास्तच पैसे मोजून बसतो ना? तसंच. दहा अंदाजांतला जो सगळ्यांत वरचा, तोच फुगलेला असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. त्याला निवडलं या कारणानेच त्याच्यावर संशय घ्यावा लागतो.

हे त्यांना पटलं. पावसाळ्याच्या तोंडावर ज्या शेतकऱ्याला पाणाड्याने सगळ्यांत जास्त पाणी सांगितलेलं असायचं, तोच पहिल्यांदा कर्ज काढायचा, असं ते म्हणाले आणि थोडा वेळ गप्प बसले.

मामा: आणि चौथा?

मी: दोन नंबर. तो सातवा आहे, पण पाच आणि आठ दोघेही पडले तर तो आत येऊ शकतो.

मामा: म्हणजे चारही रन तुझ्या मॉडेलला विचारूनच.

मी: मॉडेलला शंका आहे तिथे, मामा. जिथे खात्री आहे तिथे नाही.

मामा: शंकासुद्धा त्यालाच विचारून घेतेस ना? कुठे माहीत नाही, हे तोच सांगणार. आणि जिथे माहीत नाही हेच त्याला माहीत नाही, तिथे?

यावर मी पुस्तकातलं उत्तर दिलं. लिथुआनियाच्या योनास मोत्स्कस यांनी १९७० च्या दशकात आणि पुढे जोन्स, शोनलाउ, वेल्च यांनी १९९८ साली यासाठीच अपेक्षित सुधारणेचं माप दिलं. एखाद्या ठिकाणी अंदाज चांगला असेल तरी ते माप वाढतं, अनिश्चितता मोठी असेल तरी वाढतं. म्हणून शोध फक्त भरलेल्या विहिरीभोवतीच घिरट्या घालत नाही.

मामा: पण ती अनिश्चितता कशावरून काढतात? रनवरूनच. मला सांग, तुझे रन किती झालेत?

मी: एकशे बारा.

मामा: सगळे?

मी: हो. म्हणजे टाकले एकशे एकतीस. एकोणीस फेल गेले. कुठे मेश, म्हणजे गणिताची जाळी फाटली, कुठे सॉल्व्हर उत्तरापर्यंत पोचलाच नाही. ते मॉडेलमध्ये घेतलेले नाहीत.

मामांनी गॉगल काढला. डोळे लालच होते.

मामा: एक गोष्ट सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षं. एका गावाच्या शिवाराचा नकाशा करायचा होता. गावात फिरून बोअरच्या नोंदी जमवल्या. पंधरा बोअर, पंधराच्या पंधरा चालू. कुणाला इंचभर पाणी, कुणाला दीड इंच. नकाशा काढला तर सगळं शिवार निळं. माझ्या आयुष्यात एवढा देखणा नकाशा मी पुन्हा काढला नाही. त्यावर भरवसा ठेवून आम्ही जागा दाखवल्या. पहिली कोरडी. दुसरी कोरडी. तिसरीला मुरूम संपला, खाली काळा पाषाण लागला आणि तीनशे फुटांपर्यंत नुसती पांढरी भुकटी उडत राहिली. चौथी कोरडी गेली तेव्हा बांधावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, साहेब, ह्या अंगाला पंचवीस-तीस बोअरी कोरड्या गेल्यात की. मी म्हटलं, मग नोंदीत कशा नाहीत? तो म्हणाला, कोरड्या भोकावर दगड ठेवतात आणि गप बसतात. ती कोण सांगंल?

मी काही बोलले नाही.

मामा: पाणी त्या दगडात सलग नसतंच. एका लाव्हाच्या थराचा दुसऱ्याशी सांधा असतो, एखादी भेग असते, मांजऱ्या खडकाचा पट्टा असतो, तिथे असतं. दहा पावलं इकडे पाणी, दहा पावलं तिकडे भुकटी. आणि माझा नकाशा मला सांगत होता की इथून तिथवर सगळं एकसारखं आहे, कारण ज्यांनी ते खोडून काढलं असतं ती भोकं मी त्याला दाखवलीच नव्हती. त्याची खात्री पक्की होती, गं. म्हणून चार बोअर गेल्या.

एकोणीस फेल गेलेले रन. मी ते फोल्डर उघडलं. एकेकाची मापं पाहिली. बारा आकारांत पात्याचा बाहेरचा कोन मोठा होता आणि वेढा कमी. एका बाजूला झुकलेले होते सगळे, आणि ८९ टक्क्यांचं ते खोटं शिखरही त्याच बाजूला होतं. माझ्या मॉडेलला तो कोपरा रिकामा दिसत होता, आणि आजूबाजूचा चढ पुढे नेऊन त्याने तिथे डोंगर उभा केला होता.

मी: पण मामा, फेल रनला मी काय आकडा देऊ? शून्य दिलं तर मॉडेलच्या पृष्ठभागात खड्डा पडतो, त्याच्या शेजारचे चांगले आकारही खाली खेचले जातात.

मामा: ते तुझं गणित. पण एक बघ, गाडीचा बिट तुटला म्हणून बोअर सोडली, तर तिला कोरडी म्हणायची का? आम्ही वेगळं लिहायचो. कोरडी वेगळी, अर्धवट वेगळी.

आणि इथे क्रमाचं तत्त्वच कामी येतं. शोधाला आकडा नको, जागा हवी. तर फेल गेलेल्या आकाराला खोटा आकडा चिकटवायची गरज नाही, त्या पिढीत त्याला सरळ शेवटचा नंबर द्यायचा. आणि जोडीला दुसरं, वेगळं मॉडेल बांधायचं: हा आकार मुळात सुटेल की फाटेल, एवढंच सांगणारं. एकोणीसपैकी सात रन मेश बनवणाऱ्या माझ्या स्क्रिप्टच्या चुकीने गेले होते. ती बिट तुटलेली बोअर. ते दुरुस्त करून पुन्हा टाकायचे. उरलेले बारा खरोखर कोरडे.

मामा: आता चौथ्या रनचं बोल. दोन नंबरचा नाद सोड. दहा चिठ्ठ्या कर, एक उचल.

मी: चिठ्ठ्या? मामा, आकार आधीच फाशांवर काढलेत. यादृच्छिकपणा त्यात आहेच.

मामा: काढलेस फाशांवर, पण चालवतेस निवडून. फाशाने दहा दिले. त्यातले मॉडेलच्या मनासारखे तेवढे तू बघितलेस आणि बाकीचे न बघताच सहावे-सातवे ठरवलेस. म्हणजे फाशाने आणलेली अनपेक्षित गोष्ट दारातच अडवलीस. मग फासे टाकायचेच कशाला?

माझ्या पद्धतीवरचा हा सगळ्यांत खरा आक्षेप आहे आणि तो मी तेव्हा नीट परतवू शकले नाही. फासेवाल्या शोधाची ताकद नेमकी तिथे आहे. बर्लिनमध्ये १९६४ साली इंगो रेशेनबर्ग, हान्स-पाउल श्वेफेल आणि त्यांचे साथीदार पवनबोगद्यात एक सांधेवाली पाटी घेऊन बसले होते. पाच सांधे, प्रत्येकाच्या ५१ जागा, म्हणजे साडेचौतीस कोटी आकार. प्रत्येक आकाराची परीक्षा म्हणजे बोगद्यातला खरा प्रयोग. छोटे बदल ते नशिबावर सोडत, आणि घड्या पडलेली पाटी हळूहळू सपाट होत गेली. पुढे श्वेफेल यांनी कड्या बदलत नशिबाने घडवलेला नोझल तर असा फुगीर-वाकडा निघाला, की कुठल्याही अभियंत्याने तो कागदावर काढला नसता. त्या वेळी दारावर एखादं मॉडेल उभं असतं तर त्याने तो आकार आत सोडला असता का, याची मला शंका आहे.

तरीही मी मामांशी भांडले.

मी: नुसत्या नशिबावर सोडायला रन भरपूर लागतात. सगळ्या शक्य आकारांतले वरचे पाच टक्के आकार चांगले धरले, तर साठ चिठ्ठ्या उचलल्यावर त्यांतला निदान एक मिळण्याची शक्यता ९५ टक्के. मितींची संख्या कितीही असो. ऐकायला छान वाटतं. पण चार चिठ्ठ्यांत तीच शक्यता साडेअठरा टक्के. माझ्याकडे रात्रीचे चार आहेत, साठ नाहीत.

मामा: मी चारही चिठ्ठ्या काढ म्हटलं का? एक म्हटलं. आणि चांगला आकार मिळावा म्हणून नाही म्हटलं.

मी: मग कशासाठी?

मामा: मॉडेलची परीक्षा म्हणून. तू ज्या जागा निवडतेस त्या त्याला विचारून निवडतेस. त्यावरून त्याचे गुण कसे काढणार? प्रश्नपत्रिका त्याचीच, उत्तरं त्याचीच. एक प्रश्न तरी बाहेरून यायला हवा.

मी वहीचं पान फाडून दहा चिठ्ठ्या केल्या. मामांनी डोळे मिटूनच उचलली. उघडे असते तरी दिसलं नसतं. मी उलगडून पाहिली. नऊ नंबर.

मी: ७६.२, खाली-वर ०.८. मॉडेल म्हणतंय हा शेवटून पहिला आणि त्याची त्याला खात्री आहे. याला पाच तास द्यायचे? दोन नंबरला दिले तर पिढीचा निकाल बदलू शकतो. याने बदलणार नाही.

मामा: या पिढीचा नाही बदलणार.

खरं सांगायचं तर मला आजही वाटतं की रोज रात्री चिठ्ठी उचलणं परवडणार नाही. दर पाच-सहा पिढ्यांत एकदा, एवढंच मी कबूल केलं, आणि मामांना ते कमी वाटलं. तुमच्या खात्यात किती कोरड्या बोअर मुद्दाम मारल्या, असं मी विचारलं. एकही नाही, पैसे कोण देणार, असं ते म्हणाले. पण आवाजात पश्चात्ताप होता. आमचं भांडण इथेच राहिलं.

सव्वादहा झाले होते. तीन, पाच, आठ, नऊ. मी चारही आकारांच्या फाइली रांगेत लावल्या आणि रन टाकायला बोट उचललं, तेवढ्यात त्यांनी हात धरला.

मामा: आधी लिहून ठेव.

मी: लॉगमध्ये राहतं, मामा.

मामा: लॉगमध्ये निकाल राहतो. अंदाज लिही. उद्या सकाळी ८१ आले तर तू म्हणशील, मला वाटलंच होतं. मी पण म्हणायचो. शेवटी साहेबांनी वहीत दोन रकाने करायला लावले, अंदाज आणि प्रत्यक्ष. गाडी उभी राहायच्या आधी पहिला भरायचा, शाईने. पाणी किती फुटांवर, किती इंच. दोन वर्षांनी ती वही चाळली तेव्हा कळलं, मी ‘नक्की’ म्हणतो तेव्हा दहातल्या सहा वेळाच बरोबर असतो.

ती वही सांगोल्याच्या घरी ट्रंकेत आहे. लहानपणी मी ती पाहिली आहे. निळ्या शाईचे दोन रकाने आणि उजव्या रकान्यात ओळीने ‘कोरडी’, ‘कोरडी’, ‘१¼ इंच’, ‘कोरडी’. तेव्हा मला तो रडका हिशेब वाटला होता.

चिठ्ठ्या करून उरलेल्या पानावर मी उभी रेघ मारली. डावीकडे चार ओळी: तीन, ८२.९, खाली-वर ०.५. पाच, ८१.६, खाली-वर ०.९. आठ, ८१.५, खाली-वर १.१. नऊ, ७६.२, खाली-वर ०.८. उजवीकडचा रकाना रिकामा. मामांनी पान हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं, काही दिसलं नाही, तरी बोटाने रेघ चाचपून पाहिली आणि परत दिलं.

मग मी रन टाकले.